कागदाचं मिग-21 करायचंय, थेट हात घालावा का?

घोटीव_कागद

नमस्कार मंडळी,

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, तेव्हापासून डोक्यात घोळतंय की हे विमान कागदात करायचंच. कागदात म्हणजे वहीचं पान दुमडून भिरकावतात ते नाही. छापलेले भाग कापायचे, वळवायचे, आतला सांगाडा उभा करायचा आणि वरून कातडं चढवायचं, असं 1:33 चं मॉडेल. मिगच्या पंखांचा पसारा 7.15 मीटर, म्हणजे या मापात 21.7 सेंमी. मिगच्या बिस या प्रकाराची लांबी पुढची पिटो नळी (हवेचा वेग मोजणारी नाकावरची सळई) सोडून साडेचौदा मीटरच्या आसपास, म्हणजे 44 सेंमी. शोकेसच्या कप्प्यात आडवं बसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्लॅस्टिकचं किट वाईट अजिबात नाही, पण त्यात आकार कारखान्याने करून दिलेला असतो, आपण दोन अर्धुकं जोडतो आणि रंगवतो. कागदात आकार आपल्यालाच आणावा लागतो. खऱ्या विमानात आडव्या फ्रेम असतात आणि त्यावर पत्रा, कागदाच्या मॉडेलमध्ये पुठ्ठ्याच्या चकत्या असतात आणि त्यावर कागद. विमान बांधतात कसं हे समजून घ्यायचं असेल तर कागदच हातात घ्यावा असं मला मनापासून वाटतं. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल भांडावं, त्यासाठीच धागा काढलाय.

प्रश्न दोन. पहिला, थेट मिग करावं की आधी दुसरं एखादं सोपं करून बघावं? दुसरा, धड म्हणजे फ्युजलाज चिकटवल्यावर आतल्या चकत्यांच्या जागी बाहेरून बरगड्या दिसायला लागतात, जवळपास प्रत्येकाच्या फोटोत दिसतात, त्या टाळायच्या कशा?

---

प्लॅस्टिकप्रेमी

भांडायला पहिला मी :) प्लॅस्टिकमध्ये 1:72 ला रिव्हेट न रिव्हेट असतो, पॅनेलच्या रेषा कोरलेल्या असतात. कागदावर सगळं छापील. लांबून छान, जवळून चित्र.

---

विणकामाची_सुई

बरगड्यांचं उत्तर देते, कारण तो प्रश्न सगळ्यांना पडतो आणि त्याचं कारण बहुतेक वेळा गोंदात शोधतात, असतं मात्र दुसरीकडेच.

चकती किंचित मोठी असते. छापील चकती पुठ्ठ्यावर चिकटवून कापली की कात्रीच्या रेषेची जाडी मिळवून ती अर्धा मिलीमीटर तरी जास्त भरते. मग कातडं तिच्यावर ताणलं जातं आणि दोन चकत्यांच्या मध्ये खोल बसतं, झाल्या बरगड्या. म्हणून चकती आधी घट्ट बसवायचीच नाही. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरवर कड गोल गोल फिरवून घासायची, आणि नळी वळवून तयार झाली की चकती आत घालून बघायची. आपोआप घसरून जागेवर थांबली तर बरोबर, ढकलावी लागली तर अजून घासा.

आता नळी वळवणं. कागदाला धारा असते, तंतू एका दिशेने बसलेले असतात. त्याच कागदाची एक पट्टी उभी आणि एक आडवी कापा, दोन्ही टोकाला धरून लोंबू द्या. एक जास्त वाकते. ज्या दिशेला कागद सहज वळतो त्या दिशेलाच नळीची गोलाई यायला हवी, म्हणजे तंतू विमानाच्या लांबीला समांतर. छापतानाच पान त्या बेताने लावावं लागतं, नंतर काही करता येत नाही. उलट्या दिशेने वळवलेला कागद बारीक बारीक मोडतो आणि त्या मोडी प्रकाशात दिसतातच.

वळवायला जुना माउसपॅड घ्यायचा, त्यावर कागद पालथा ठेवायचा आणि गोल दांडीने हलक्या दाबाने पुढेमागे फिरवायचं. मोठ्या नळीला लाटणं, मधल्याला जाड पेन, पिटोसारख्या बारीकला विणकामाची सुई. कागद स्वतःहून वळून कडेला कड लागेपर्यंत गोंदाला हात लावायचा नाही. गोंदाने आकार धरून ठेवायची वेळ आली तर वळवणं अर्धवट राहिलंय असं समजायचं.

---

चौकातला

ताई एक नंबर. यात भर, भाग कापून झाल्यावर पांढऱ्या कडा रंगवा, लोक हेच विसरतात. छापील रंगाच्या जवळचा पोस्टर कलर किंवा वॉटरकलर पेन्सिल ओली करून कडेवर फिरवायची. ही एक गोष्ट केली की मॉडेलच्या फोटोतही आणि समोर बघतानाही जमीनअस्मानाचा फरक पडतो.

कागद 160 ते 200 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला सुट्टे मिळतात, हात लावून बघून घ्या. चकचकीत कोटेड नको, गोंद धरत नाही.

---

घोटीव_कागद

@विणकामाची_सुई, धारेचं एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं, धन्यवाद. @प्लॅस्टिकप्रेमी, रिव्हेटचं मान्य, पण ओझरला मिग बांधलं तेव्हा ते काही दोन अर्धुकं जोडून बांधलं नाही :)

---

ओझरकर

ओझरचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. माझे वडील एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये पत्र्याच्या शॉपला होते. 1964 ला नाशिकजवळ ओझरला कारखाना सुरू झाला तोच मुळी मिगसाठी. तिथे लोक मिगच्या प्रकारांना एफएल, एम, बिस असं कमी म्हणायचे, त्याच क्रमाने टाइप 77, टाइप 96, टाइप 75 असं म्हणायचे, आमच्या घरात अजून तेच चालतं.

घोटीव_कागद म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे आणि त्याचं कारण सांगतो. पत्रा रोलरमधून काढला की तो एकाच बाजूला वळतो. नळी होते, शंकू होतो, पण घुमट होत नाही. घुमट हवा तर पत्रा ताणावा लागतो, त्याला स्ट्रेच प्रेस लागतो किंवा हाताने ठोकून ठोकून आणावा लागतो, आणि ते काम महाग आणि वेळखाऊ. कागद तर ताणलाच जात नाही. म्हणजे पत्र्याला जे सोपं ते कागदाला शक्य, आणि पत्र्याला जे अवघड ते कागदाला अशक्य, तिथे कागदाला तुकडे पाडून जवळपास पोचावं लागतं. मॉडेलमध्ये कुठे तुकडे जास्त पडलेत ते बघा, खऱ्या विमानातही बहुतेक तिथेच कारागिरांचा जास्त वेळ गेलेला असतो.

मिगचं म्हणाल तर कागदाला फार अनुकूल विमान आहे. धड म्हणजे जवळजवळ सरळ नळी. पंख त्रिकोणी, पुढची कड सरळ, मागची कड सरळ. तोंडातला शंकू म्हणजे वर्तुळाची एक पाकळी कापून गुंडाळली की झाला. त्रास दोन ठिकाणी. एक, कॉकपिटच्या मागचा उंचवटा, पाठीचा कणा, तो प्रत्येक प्रकारात वेगळा, 77 ला बारीक आणि 75 ला चांगलाच भरलेला. दुसरं, मुख्य चाकं. ती वर जाताना धडात उभी राहतात, पुढे चाकं मोठी झाली तेव्हा मावेनात म्हणून धडाला पंखाच्या वर आणि खाली फुगवटे आले. ते फुगवटे कागदात जमले की समजा मिग जमलं.

---

बाराखडी

ओझरकर, असं अजून लिहा. वेगळा धागाच काढा म्हणते मी.

---

फुकट_ते_पौष्टिक

कोणाकडे मिग-21 ची फाइल असेल तर पाठवा ना, पीडीएफ चालेल. आधीच धन्यवाद.

---

व्रोत्सवाफकर

@फुकट_ते_पौष्टिक, डिझायनरने स्वतःहून मोफत दिलेली मॉडेल्स भरपूर आहेत, त्यातलं घ्या. विकत असलेलं किट स्कॅन करून वाटतात त्याला मात्र माझा विरोध आहे. एक विमान उलगडून काढायला महिनोन्महिने जातात, आधी संगणकात आकार, मग त्याचे सपाट भाग, मग प्रत्यक्ष बांधून बघणं, परत दुरुस्ती. किटची किंमत एका जेवणाएवढी असते. त्या माणसाने पुढचं विमान करावं असं वाटत असेल तर विकत घ्या.

मी सध्या पोलंडमध्ये आहे आणि इथे हा छंद म्हणजे घराघरातली गोष्ट आहे. माउय मोडेलाश, म्हणजे छोटा मॉडेलकार, नावाचं मासिक 1957 पासून निघतंय, अंक म्हणजेच मॉडेल. पाठ्यपुस्तकासारखी मधली पानं, त्यात विमान, जहाज, रणगाडा, आणि आजोबांच्या पिढीने ते वर्तमानपत्राच्या टपरीवरून घेतलेलं. प्लॅस्टिकची परदेशी किटं त्या काळी सहज मिळायची नाहीत, कागद आणि छपाई मात्र होती, त्यामुळे हात कागदावर बसले. 1:33 हे माप जगभरातल्या कागदी विमानवाल्यांनी उचललं ते पोलंडकडूनच. मीटरला तीन सेंटिमीटर, हिशोब तोंडी होतो.

इथल्या लोकांचं लाडकं विमान म्हणजे पीझेडएल पी-11, 1939 मध्ये जर्मन हल्ल्यासमोर उडालेलं. समोरून पंख मोडलेले दिसतात, मधे खाली येऊन परत वर. खरं शिल्लक असलेलं एकच, क्राकूफच्या विमान संग्रहालयात. त्याच्यासमोर उभं राहून बघितलं आणि मग कागदात केलं. ते पंखांचं मूळ तीन मिलीमीटर इकडेतिकडे झालं तरी विमान ओळखू येत नाही, इतकं त्याचं रूप त्या एका जागेत आहे.

---

शांतिपर्व

छंद सुंदर आहे, वाद नाही. पण एक विचारू का, सगळी लढाऊ विमानंच का? मुलं शेजारी बसून बघतात, त्यांच्या हातात बॉम्बर द्यायचं का? प्रवासी विमानं, ग्लायडर, हेलिकॉप्टर काय कमी आहेत?

---

विणकामाची_सुई

प्रश्न योग्य आहे. माझ्यापुरतं उत्तर, प्रवासी विमान म्हणजे लांब नळी, खिडक्या छापल्या की संपलं. लढाऊ विमानात प्रत्येक आकाराला कारण असतं आणि ते कारण शोधताना मजा येते. माझा भाचा विचारतो की याचं तोंड असं का, त्याचे पंख मागे का, आणि मग आम्ही बसून वाचतो. युद्धाबद्दलही बोलतो, कोणी मेलं त्याबद्दलही. लपवत नाही.

---

शांतिपर्व

मेलेल्यांबद्दल बोलता हे वाचून बरं वाटलं. माझा आक्षेप पूर्ण जात नाही पण कमी झाला.

---

मारुतवेडा

आकाराला कारण म्हणालात म्हणून मारुतबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एचएफ-24 मारुत, आपल्या देशात विकसित झालेलं पहिलं जेट लढाऊ विमान, बंगळूरला कुर्ट टँकच्या हाताखाली आखलं गेलं. हाच टँक महायुद्धातल्या फोके-वुल्फ 190 चा कर्ता. पहिलं उड्डाण 17 जून 1961. पण मला भुरळ पडते ती त्याच्या आधीच्या टप्प्याची. 1959 मध्ये त्याच आकाराचं, पूर्ण मोठं, लाकडाचं ग्लायडर करून ते डाकोटा या वाहतूक विमानाच्या मागे बांधून उडवलं. इंजिन नाही, काही नाही, नुसता आकार कसा वागतो ते बघायला. म्हणजे विमानाच्या आधी त्याचं मॉडेल उडालं, फक्त ते माणूस बसेल एवढं मोठं होतं.

मारुतला कंबर आहे. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा कमी करायचा तर पंख जिथे सुरू होतात तिथे धड बारीक करायचं, एकूण छेद एकदम वाढू द्यायचा नाही, हा नियम. ती कंबर कागदात आणताना कळतं की नाकाचा फुगवटा आणि कंबरेचा खळगा ही दोन वेगळी दुखणी आहेत. फुगवट्याला कागद कडेला जास्त होतो, चुण्या पडतात, म्हणून पाकळ्या कापाव्या लागतात. खळग्याला कागद कडेला कमी पडतो, तिथे चिरा देऊन उघडाव्या लागतात. मी मारुतची कंबर पाच कड्यांत केली, प्रत्येक कडं साधा शंकू, आणि सांधे मात्र टोकाला टोक भिडवून, आतून पट्टी. एकावर एक चढवलेले सांधे कंबरेवर लगेच डोळ्यात भरतात.

ज्यांना जवळून बघायचंय त्यांनी वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला जा, तिथल्या बागेत मारुत उभं आहे. मुंबईत राहून ते न बघितलेले कितीतरी लोक भेटतात मला, वाईट वाटतं.

---

प्लॅस्टिकप्रेमी

कंबरेचं वाचून पहिल्यांदाच कागद हातात घ्यावासा वाटला. मागचा प्रतिसाद थोडा मागे घेतो. थोडाच.

---

गोंयचो_दर्या

गोव्यात कोणी येत असाल तर वास्कोजवळ बोगमाळ्याला नौदलाचं विमान संग्रहालय चुकवू नका. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, सगळी उघड्यावर, चारही बाजूंनी फोटो काढता येतात. मॉडेल करणाऱ्याला पोटाखालचा फोटो फार लागतो आणि तो पुस्तकात कधी नसतो.

मी सी हॉक केलंय 1:33 मध्ये. विक्रांतवरून 1971 ला चितगाव आणि कॉक्स बाजारवर गेलेलं हेच. गंमत म्हणजे त्याच्या इंजिनाचा धूर शेपटीतून बाहेर पडत नाही, पंखाच्या मुळाशी दोन बाजूंना फाटे फुटून पडतो. त्यामुळे शेपटी निमुळती, कागदाला सोपी, आणि पंखाचं मूळ मात्र जीव काढतं. हवा आत जायची फट पुढे, धूर बाहेर पडायची नळी मागे, आणि दोन्हीच्या मध्ये पंख. पंख दुमडता येतो असाच केला मी, जहाजावर ठेवतात तसा. बिजागरीला तांब्याची तार.

दमट हवेचं कोणी बोलत नाहीये. इथे पावसाळ्यात कागद फुगतो, पंख वाकतात. कोकणातल्यांनी काय ते सांगा.

---

सिंधुदुर्गी

सांगतो. सावंतवाडीला राहतो, पाऊस म्हणजे काय ते विचारू नका.

एक, फेव्हिकॉल पाण्याचा असतो, तो मोठ्या पृष्ठभागाला लावूच नका. पुठ्ठ्यावर कागद चिकटवायला फेव्हिबॉण्डसारखा रबरी गोंद, दोन्ही बाजूंना पातळ हात, सुकू द्या, मग दाबा. त्यात पाणी नाही, कागद वाकत नाही. फेव्हिकॉल फक्त कडांना, तोही काडीच्या टोकाने.

दोन, पंखाच्या आत कणा घाला. उदबत्तीची काडी नको, ती ठिसूळ. हिराच्या झाडूची काडी घ्या, चिवट असते, सरळ निवडून घ्या. पंख वाकायचा बंद.

तीन, छापून झाल्यावर कापायच्या आधी मॅट वॉर्निशचा हलका फवारा. इंकजेटची शाई साधी असेल तर हाताच्या घामानेही पसरते. लेझरचं उलटं, पाण्याला घाबरत नाही पण दुमड घातली की टोनर उडतो आणि पांढरी रेघ दिसते, तिथे परत रंग लावावा लागतो.

चार, कसर. ती कागद पण खाते आणि गोंद पण. काचेची पेटी, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि डांबरगोळी. बाकी इलाज नाही.

---

चौकातला

पुठ्ठ्यासाठी एक देशी सल्ला, लग्नपत्रिका. भारीतल्या पत्रिका 300 जीएसएम च्या असतात, कडक, सपाट, सुंदर कापल्या जातात. चकत्यांना याहून चांगलं काही नाही. गणपतीबाप्पाचं चित्र आणि नावं असलेला भाग मी बाजूला ठेवतो, बाकी सगळं विमानात जातं.

---

बाराखडी

म्हणजे शुभविवाह धडात आणि आहेर आणू नये ही विनंती शेपटीत :D

---

चौकातला

सहकुटुंब सहपरिवार लँडिंग गिअरमध्ये :D

---

लेझरवाला

चकत्या लेझरने कापून घ्या हो, काय घासत बसता. गावोगावी लेझर कटिंगवाले झालेत, अर्ध्या तासात सगळा सांगाडा.

---

मारुतवेडा

लेझरला विरोध नाही पण कापणाऱ्याने एक लक्षात ठेवावं, आराखड्यातल्या खाचा एका ठरावीक जाडीच्या पुठ्ठ्यासाठी असतात, बहुतेक वेळा 1 मिमी. तुम्ही मॉडेल 1:33 वरून 1:48 ला आणलं तर छपाई 69 टक्क्यांवर येते आणि खाचही 0.69 मिमी होते. पुठ्ठा मात्र बाजारात 1 मिमीचाच. मग सांगाडा एकमेकांत बसतच नाही आणि लोक डिझायनरला शिव्या घालतात. माप बदललं की कागद, पुठ्ठा, खाच, तिन्हींचा परत विचार करायचा. कागद 160 चा असेल तर 1:48 ला 110-120 पुरतो.

---

विणकामाची_सुई

हो, आणि छपाईच्या दुकानात जाणाऱ्यांनी 'फिट टू पेज' बंद आहे का ते स्वतः स्क्रीनवर बघा. आमच्या इथल्या एका दुकानात चार पानं मूळ मापात आणि पाचवं पान मशीनने आपल्या मनाने लहान केलेलं निघालं. पाचव्या पानावर शेपटी होती. प्रत्येक पानावर मापाची पट्टी छापलेली असते, दुकानातून निघायच्या आधी तिच्यावर फूटपट्टी ठेवून बघावी.

---

ओझरकर

रंगाबद्दल एक राहिलं. साठच्या दशकातली आपली 77 नंबरची मिग चांदीच्या रंगाची असत, म्हणजे रंग नाहीच, उघडा पत्रा. 1971 च्या सुमारास त्यांच्यावर घाईघाईने छद्मावरणाचे पट्टे मारले, आणि ते प्रत्येक ठिकाणी वेगळे, कुठे हिरवे ठिपके, कुठे पट्टे, कुठे नुसते फराटे. 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर गेलेली मिग याच काळातली. त्यामुळे टाइप 77 करणाऱ्याने आधी वर्ष ठरवावं, मग फाइल शोधावी. एकाच वेळी चकचकीत पत्रा आणि 71 चे पट्टे असं मिश्रण बघितलं की वडिलांना राहवायचं नाही, लगेच बोलून दाखवायचे.

---

घोटीव_कागद

उघडा पत्रा कागदात दाखवायचा कसा? छापील करडा रंग सिमेंटसारखा दिसतो.

---

व्रोत्सवाफकर

इथले काही लोक चंदेरी शाईने छापलेले कागद घेतात, त्या किटला खास छपाई लागते. घरी छापायचं तर एकच करडा घेऊ नका. प्रत्येक पॅनेलचा करडा किंचित वेगळा ठेवा, कारण खऱ्या विमानातही प्रत्येक पत्र्याची धारा वेगळ्या दिशेला असते आणि उजेड वेगळा परततो. मग वरून अर्धचकचकीत वॉर्निश. इंजिनाजवळचे पत्रे तापून पिवळसर-निळसर होतात, तिथे कोरड्या पेस्टलची पूड बोटाने. इथे कागद प्लॅस्टिकपेक्षा सरस ठरतो, पूड तंतूंत बसते.

---

प्लॅस्टिकप्रेमी

हे मात्र खरं असणार, प्लॅस्टिकवर पूड टिकवायला आम्हाला बराच खटाटोप करावा लागतो.

---

टोरांटोहून_आजोबा

धागा वाचून आनंद झाला. इतिहासाची थोडी भर घालतो. दुसऱ्या महायुद्धात लाकूड, रबर, धातू सगळं लढाईकडे वळलं तेव्हा मुलांची खेळणी कागदाची झाली. अमेरिकेत 1944 मध्ये व्हीटीज या नाश्त्याच्या खोक्यांवरचे कागद आणि थोडी नाणी पाठवली की जॅक आर्मस्ट्राँग या रेडिओवरच्या नायकाच्या नावाने कागदी लढाऊ विमानं टपालाने यायची. वॉलिस रिग्बीने आखलेली. आणि ती नुसती शोभेची नव्हती, उडायची. नाकात वजन म्हणून एक पेनी घालायची. आतला सांगाडा नाही, काही नाही, घडीचीच ताकद. माझ्याकडे त्यांच्या नव्याने छापलेल्या प्रती आहेत, नातवंडांबरोबर करतो, अंगणात उडवतो.

घोटीव_कागद यांना सल्ला, मिगच्या आधी असं एखादं उडणारं करून बघा. शोभेचं विमान थोडं वाकडं असलं तरी शोकेसमध्ये खपून जातं, उडणारं लगेच सांगतं.

---

बाराखडी

मी शाळेत कार्यानुभव शिकवते आणि मला वेगळंच सुचवायचंय. आपल्या मुलांना आकाशकंदील येतो. कामट्यांचा सांगाडा, त्यावर घोटीव कागद, करंज्या, झिरमिळ्या, एकसारख्या पट्ट्या कापणं, गोंद कमी लावणं, सगळं आलंच. सांगाडा आणि कातडं हा विचार हातात आधीपासून आहे. म्हणून मी मुलांना विमान देते ते वापिती. 1933 ला आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन सुरू झाली ती या वेस्टलँड वापितीवर. दोन पंखी, धड जवळजवळ चौकोनी खोकं, घुमट कुठेच नाही. पंख सपाट. पुठ्ठ्याच्या चकत्यांच्या ऐवजी चार चौकोन. अवघड काय तर पंखांच्या मधले खांब आणि तारा. तारांना आम्ही बारीक तंगूस वापरतो, एकदा बांधला की ताणलेला राहतो.

वर्गात विमान उभं राहिलं की मुलं आधी तारा मोजतात आणि मग विचारतात की या कशाला. तेव्हा खऱ्या विमानाचा पंख मुख्यतः त्या तारांवर आणि खांबांवर उभा असायचा हे सांगते, आणि तंगूस कापून दाखवते, पंख लगेच डगमगतो.

---

मारुतवेडा

वापिती! उत्तम निवड. यापुढे मला कोणी पहिलं विमान विचारलं तर हेच सांगणार.

---

फुकट_ते_पौष्टिक

मंडळी, वर ओरडा खाऊन एक किट विकत घेतलं, सुखोई-30. पंख 44 सेंमी आणि लांबी 66 सेंमी होणार आहे. घरात कुठे ठेवू?

---

सिंधुदुर्गी

छताला टांगा. पुण्याच्या हवाई तळाशेजारच्या लोहगावकरांना विचारा, त्यांच्या डोक्यावर रोज असतंच :)

---

विणकामाची_सुई

@फुकट_ते_पौष्टिक, विकत घेतलंत हे फार छान केलंत. टांगायचं असेल तर चाकं आत घेतलेली ठेवा, निम्मं काम वाचेल, आणि गुरुत्वमध्याजवळ दोन दोरे. दोऱ्याची जागा सांगाड्याच्या चकतीत आधीच करून ठेवा, कातड्याला भोक पाडून टांगलं तर फाटतं.

---

प्लॅस्टिकप्रेमी

काचेचं, म्हणजे कॅनोपीचं काय करता? आमच्याकडे पारदर्शक तयार येते.

---

गोंयचो_दर्या

औषधाच्या गोळ्यांची पारदर्शक पट्टी, किंवा जुन्या प्रोजेक्टरची प्लॅस्टिक शीट. घुमटाकार हवी असेल तर लाकडाचा ठोकळा घासून साचा करायचा आणि बाटलीचं प्लॅस्टिक त्यावर गरम हवेने बसवायचं. मिगची कॅनोपी त्यातल्या त्यात सोपी, मागचा भाग जवळजवळ एकाच बाजूला वळलेला. शीटमधूनच होते.

---

घोटीव_कागद

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. ठरलं ते लिहितो. आधी बाराखडी ताईंची वापिती, तंगुसासकट. मग मिग, टाइप 77, आणि ओझरकरांनी सांगितलं तसं आधी वर्ष ठरवलं, 1971, पट्टेवालं. म्हणजे चांदीचा प्रश्न तूर्त पुढे ढकलला. चकत्या हाताने घासणार, लेझर नाही.

एक शंका राहिली. तोंडाच्या कडेचा, म्हणजे हवा आत जाते त्या रिंगचा कागद जाड दिसतो. खऱ्या मिगची ती कड धारदार आहे.

---

ओझरकर

तिथे धडाचा कागद आणि आतल्या नळीचा कागद एकत्र येतात, म्हणून जाडी दुप्पट दिसते. दोन्ही कागद कडेपासून तीन-चार मिलीमीटर आतून पॉलिश पेपरने घासून पातळ करा, छापील बाजू सोडून. मग दोन्ही चिकटवा, कडेवर पातळ फेव्हिक्विक पाझरू द्या, ते कागदात शिरून कडक होतं, आणि सुकल्यावर परत हलकं घासा. रिंग चिकटवण्याआधी आतला शंकू बसवून घ्या, नंतर मधोमध येत नाही.

आणि पिटो नळी एकदम शेवटी लावा. 77 ला ती तोंडाच्या वर मधोमध असते, 75 ला वरच पण उजवीकडे सरकलेली. किटच्या चित्रात कुठे आहे ते न बघता फोटो बघा.